एक वाक्य, जसंच्या तसं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. आमचे दोन फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दारं समोरासमोर. दिवसभर ती उघडीच असतात, त्यामुळे कुणाच्या घरात काय बिनसलंय हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही. सासूबाईंनी स्वतःची वाटणी स्वतःच करून घेतली आहे: सकाळी ताईंकडे, संध्याकाळी आमच्याकडे. मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, चारला सुटते, आणि घरी आले की आधी समोरच्या घरात डोकावते. म्हणून ही सगळी गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक आहे. शेवटी तर मी सोबतच होते.

ताई एका कॉलेजात जनसंपर्क शिकवतात. कंपन्यांनी लोकांशी कसं बोलावं, वर्तमानपत्राला काय कळवावं, चूक झाली तर दिलगिरीचं पत्र कसं लिहावं, असं सगळं. एकोणीस वर्षं शिकवत होत्या, पण दर वर्षी नेमणुकीचं नवं पत्र यायचं. ते यायला चार दिवस उशीर झाला की ताईंच्या हातून कपबशा फुटायच्या. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, असं कॉलेजने स्पष्ट सांगितलं. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी नाव नोंदवलं.

विषय त्यांनी स्वतः शोधला. मोठी कंपनी आपल्या माणसांशी कुठल्या भाषेत बोलते, आणि तीच माणसं इंटरनेटवर आपापसात कुठल्या भाषेत बोलतात. कंपनी निवडली ती कपडे धुण्याची मशिनं बनवणारी. माणसं निवडली ती घरोघर जाऊन ही मशिनं दुरुस्त करणारी. या मेकॅनिक मंडळींनी नऊ वर्षांपूर्वी इंटरनेटवर एक जागा सुरू केली होती. तिला ते कट्टा म्हणायचे. तिथे कुणी खऱ्या नावाने लिहीत नसे. एकाचं नाव 'ओला मोजा', एकाचं 'गरगर', एकाचं 'पक्कड'. कुणाचं काम अडलं की फोटो टाकायचा, पाच मिनिटांत चार उत्तरं. मधूनमधून साहेब लोकांची टिंगल, गिऱ्हाइकांच्या गमती, पाठदुखीवरचे उपाय.

विषय ऐकून सासूबाई म्हणाल्या, "धुण्याच्या मशिनवर पीएचडी, आणि आपलं मशीन तीन महिने बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

ते मशीन ताईंनीच दुरुस्त केलं. एका रविवारी कट्ट्यावरचं पक्कडचं जुनं लिखाण समोर ठेवून त्यांनी मागचं झाकण उघडलं. मोठे दीर टॉर्च धरून उभे, सासूबाई खुर्ची ओढून प्रेक्षक, मी पुसायची फडकी घेऊन तयार. पक्कडने लिहिलं होतं, "पंप काढताना खाली ताट ठेवा. ताट छोटं पडेल. मोठं ठेवा. तेही छोटं पडेल." आम्ही परात ठेवली. ती छोटी पडली. पण पंपातून मोठ्या दिरांच्या शर्टाची दोन बटणं आणि एक केसांची पिन निघाली, आणि मशीन सुरू झालं. तेव्हापासून पक्कड आमच्या घरचाच माणूस झाला. न पाहिलेला, पण घरचा.

दोन वर्षं ताईंच्या जेवणाच्या टेबलावर जेवणाला जागा नव्हती. कट्ट्यावरचं सगळं लिखाण, अकरा हजारांच्या वर नोंदी, त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. त्यातल्या निवडक छापून त्या रंगीत चिकटपट्ट्या लावत बसायच्या. विनोदाला पिवळी, सल्ल्याला हिरवी, तक्रारीला लाल. एकदा मोठे दीर ऑफिसला गेले ते कोपराला लाल पट्टी चिकटवून. लिफ्टमध्ये एकाने विचारलं, तर म्हणाले, "बायकोने वर्गीकरण केलंय."

ताई बेफिकीर नव्हत्या, हे आधी सांगते. कट्टा चालवणारे एक निवृत्त मेकॅनिक होते, सगळे त्यांना काका म्हणत. ताईंनी त्यांना आपलं खरं नाव, कॉलेज, काम सगळं लिहून परवानगी मागितली. काकांनी लिहिलं, "वाचा. आमच्याबद्दल कुणाला लिहावंसं वाटतंय हेच नवल. फक्त कुणाचं नाव येऊ देऊ नका. पोटाचा प्रश्न आहे." ताईंनी नाव तर नाहीच, टोपणनावही कुठे येऊ दिलं नाही. विद्यापीठाचा एक फॉर्म होता, त्यात प्रश्न होता: तुम्ही छापलेल्या मजकुरावरून मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचता येईल का? ताईंनी 'नाही'वर खूण केली. गाईड सरांनी सही केली. सर म्हणाले होते, "अहो, चव्हाट्यावर बोललेलं जाणारा-येणारा ऐकतोच. त्यात लपवाछपवी कसली?"

तिसऱ्या वर्षी ताईंचा पहिला शोधनिबंध एका मासिकात छापून आला. कंपनी आपल्या प्रत्येक पत्रकात 'आपण एक कुटुंब' असं लिहायची, आणि मेकॅनिक त्या शब्दाचं काय करतात, यावर तो होता. त्यात पक्कडचं एक वाक्य होतं: "कंपनी म्हणते, आपण सगळे एक कुटुंब. असू. पण या घरात आम्ही तेवढे पाहुणे, आणि भांडी पाहुण्यांनी घासायची." ताईंनी ते अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं दिलं होतं. बदलून पाहिलं होतं त्यांनी. तीनदा आपल्या शब्दांत लिहिलं आणि तीनदा खोडलं. मला म्हणाल्या, "बदललं की मरतंय गं ते. असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं." आणि लिहिणाऱ्याने वापरलेला शब्द बदलायचा नाही, हे तर त्या वर्गात शिकवायच्या.

मासिक कोण वाचतं? आमच्या घरातही ते फक्त सासूबाईंनी वाचलं, तेही पहिलं पान.

पण त्या वर्षी कॉलेजात सेमिनार झाला. मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कॉलेजला कंपन्यांशी ओळखी वाढवायच्या होत्या, आणि पाहुणी म्हणून आली ती नेमकी त्याच कंपनीच्या संपर्क विभागाची प्रमुख. विभागप्रमुखांनी ताईंना निबंध वाचायला लावला. ताई आधी कचरल्या, पण नको म्हणायला त्या नोकरीत कायम थोड्याच होत्या. वाचून झाल्यावर ती बाई स्वतः उठून जवळ आली. कमी बोलणारी, गोड आवाजाची. ताईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "किती सुंदर वाक्य आहे हो ते पाहुण्यांचं! आम्हाला आमच्याच माणसांकडून हे ऐकायला मिळत नाही. एक प्रत द्याल?"

ताईंनी प्रत दिली. वर सही करून दिली.

त्या दिवशी त्या घरी आल्या त्या हवेतच. इतक्या वर्षांत कॉलेजबाहेरच्या माणसाने त्यांच्या कामाचं कौतुक केल्याची ही पहिली वेळ. आम्हाला दोनदा सगळं सांगितलं, सासूबाईंना तिसऱ्यांदा, कारण त्यांनी मुद्दाम ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, एका बुधवारी, मी चारनंतर समोर गेले तर ताई टेबलाशी बसलेल्या. कॉम्प्युटर चालू. मी "चहा ठेवू का?" म्हटलं. जवळ गेले तर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. कट्ट्यावर पक्कडने लिहिलं होतं:

"आज बोलावलं होतं. तिघं बसले होते. समोर माझं कट्ट्यावरचं लिखाण छापून ठेवलेलं, हा एवढा गठ्ठा. सगळ्यात वरचा कागद मात्र कट्ट्याचा नव्हता. कुठल्याशा कॉलेजच्या बाईंचा लेख. त्यात माझं वाक्य. बाई कोण ते मला माहीत नाही, मी त्यांचं काय वाकडं केलं तेही माहीत नाही. सोमवारपासून येऊ नका म्हणाले. कट्ट्याला राम राम."

ताई म्हणाल्या, "मी आत्ता ते वाक्य शोधून पाहिलं. नुसतं वाक्य टाकलं, बाकी काही नाही. एकच उत्तर आलं. कट्टा, पक्कड, तारीख, वेळ. एक सेकंद लागला नसेल."

"मग आधी कधी पाहिलं नव्हतंत?"

"नाही ना," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर खूण करताना पाहायला हवं होतं. एक सेकंद."

पुढे काय घडलं ते कट्ट्यावरच्या बाकीच्यांच्या बोलण्यातून कळलं. नुसत्या त्या टोमण्यासाठी कंपनीने त्याला काढलं नव्हतं. पण त्या वाक्यावरून पक्कड हे नाव हाती लागलं, आणि मग त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. पक्कडने आठ महिन्यांपूर्वी लिहिलं होतं की एका मॉडेलमध्ये पाणी आत घेणाऱ्या झडपेला चीर जाते, आणि गिऱ्हाइकाला हे सांगू नका, नुसता पाइप बदलून या, असा वरून निरोप आहे. ही गोष्ट बाहेर कुणी फोडली, हे कंपनी तेव्हापासून शोधत होती. सोबत त्याने फोटो टाकला होता. निळ्या फरशीची बाल्कनी, उघडं मशीन, कोपऱ्यात अर्धवट नंबर. त्या दिवशी त्या नंबरच्या मशिनकडे कोण गेलं होतं, हे त्यांच्या नोंदीत सापडायला कितीसा वेळ लागतो?

ताईंनी पहिलं काम केलं ते सरांकडे जाण्याचं. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं, आणि ताई त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, "तुम्ही त्याचं नाव घेतलंत का?"

"नाही."

"मग तुमच्याकडून नियम मोडलेला नाही. कंपनीने जे केलं ते कंपनीने केलं. आता दोन महिन्यांत प्रबंध सादर करायचा आहे. डोकं शांत ठेवा."

"सर, बोट दाखवायला नाव लागत नाही."

"भावनेच्या भरात बोलू नका," सर म्हणाले. माणूस वाईट नाही तो. ताईंना त्यांनी स्वतःची पुस्तकं वापरायला दिली होती, तासन्‌तास वेळ दिला होता. पण त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि ताई उठल्या.

मग त्यांनी कंपनीच्या त्या बाईला पत्र लिहिलं. पानभर. माझ्या लेखाचा असा उपयोग व्हावा अशी माझी इच्छा नव्हती, त्या माणसाला परत घ्या, आणि त्याने झडपेबद्दल लिहिलं ते खोटं असेल तर तसं सांगा. उत्तर आठव्या दिवशी आलं. ताईंनी ते मला वाचून दाखवलं:

"आपण वेळ काढून लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. आपल्या भावनांची आम्ही कदर करतो. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो. व्यक्तिगत बाबींवर भाष्य करणं आमच्या धोरणात बसत नाही. पुढील काळात आपल्यासारख्या अभ्यासकांशी संवाद वाढवण्यास आम्ही उत्सुक आहोत."

मी म्हटलं, "बरंच नम्र आहे की."

ताई उठल्या, कपाटातून आपली शिकवायची वही काढली. वर्षानुवर्षं वापरून कडा काळ्या झालेली. धडा सातवा, दिलगिरीचं पत्र. त्यात त्यांच्याच अक्षरात होतं: आधी आभार माना. मग भावनेचा उल्लेख करा. खेद व्यक्त करा, पण चूक कुणी केली ते वाक्यात येऊ देऊ नका. कारण विचारल्यास धोरणाकडे बोट दाखवा. शेवट भविष्याकडे पाहून करा.

"पाचही पायऱ्या बरोबर आल्यात," ताई म्हणाल्या. "माझ्या हाताखालून गेलेल्या एखाद्या पोरीनेच लिहिलं असेल. मी तिला पैकीच्या पैकी दिले असते." आणि त्या हसायला लागल्या. ते हसणं मला बघवेना. सासूबाई आतून आल्या, त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि ताईंच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

कट्ट्यावर अजून कुणाला ती लेखवाली बाई कोण ते माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं, पण ते काही बोलले नव्हते. ताई दोन दिवस अस्वस्थ होत्या. मोठे दीर म्हणाले, "गप्प बस. आपणहून सांगायला जाशील, हात दाखवून अवलक्षण होईल." ताई म्हणाल्या, "अवलक्षण झालंय. आता फक्त हात दाखवायचा राहिलाय."

शनिवारी सकाळी त्यांनी खऱ्या नावाने लिहिलं. मी इतकी वर्षं तुमचं वाचत होते, छापून त्याला रंगीत पट्ट्या लावत होते, काकांची परवानगी होती, लेख माझा आहे, वाक्य मी तसंच छापलं, ते शोधता येईल हे मला सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही. चूक माझी. सातव्या धड्यातली एकही पायरी त्यात नव्हती.

उत्तरं येत राहिली. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी इथे लिहीत नाही. 'गरगर'ने लिहिलं, "आमच्या पाठदुखीलापण रंगीत पट्टी लावलीत का हो बाई?" ते मात्र ताईंना खोल लागलं, कारण लावली होती. एकदोघांनी 'निदान समोर आल्या' असंही लिहिलं. पण त्याहून वाईट ते पुढे झालं. आपलंही कुठे काही छापलंय का या भीतीने लोक आपापलं जुनं लिखाण पुसायला लागले. रोज उघडावं तर कालची पानं कोरी. दहाव्या दिवशी काकांनी लिहिलं, "इथे आता कुणी मोकळं बोलणार नाही. मोकळं बोलता येत नसेल तर कट्टा कशाला? बंद करतोय. सांभाळून राहा." दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. नऊ वर्षांचं सगळं गेलं.

सगळं म्हणजे, एक प्रत सोडून. ती ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका अनोळखी मेकॅनिकचं पत्र आल्यावर. त्याने लिहिलं होतं, "मॅडम, राग आहे तो आहेच. पण जुन्या मॉडेलचं दार अडकतं त्यावर ओल्या मोज्याने एक युक्ती सांगितली होती. गिऱ्हाईक खोळंबलंय. तुमच्याकडे असेल तर पाठवा." ताईंनी शोधून पाठवली. मग आणखी दोघांची आली. आता प्रश्न पडला. ही प्रत कुणाची? काकांना विचारलं तर त्यांनी एका शब्दात कळवलं: "जाळा." सर म्हणाले, "प्रबंध मान्य होईपर्यंत तो पुरावा आहे. त्याला हात लावायचा नाही." कॉलेजचे विभागप्रमुख तिसरंच म्हणाले. त्या कंपनीने मुलांच्या प्रशिक्षणासाठी हात पुढे केला होता, आणि त्यांना हा 'माहितीसाठा' बघायला आवडेल, असं त्यांनी जाता जाता सुचवलं. जाता जाताच. ताईंनी घरी येऊन दोन्ही कड्या लावल्या आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला.

त्याच आठवड्यात पक्कडचं पत्र आलं. दोन ओळी. "माझ्यावर काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही. पाठवा." ताईंनी लिहिलं, पाठवत नाही, घेऊन येते, चालेल का? त्याने पत्ता दिला.

एकटीला जाववेना म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, टायरच्या दुकानाशेजारी त्याच्या मेव्हण्याचं दुरुस्तीचं दुकान. बाहेर दोन जुनी मशिनं, एक पंखा, आत लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना रबराची कडी आकारमानाप्रमाणे टांगलेली, सगळ्यात लहान दाराजवळ, सगळ्यात मोठं आत. मी मनात उंचपुरा, मिशीवाला, थट्टेखोर माणूस पाहिला होता. प्रत्यक्षात तो पन्नाशीचा, बारीक, कानामागे पेन्सिल अडकवलेला, शाळेतल्या क्लार्कसारखा दिसणारा माणूस होता. त्याची बायको टेबलाशी बसून पावत्या फाडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि परत पावत्यांकडे.

ताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मीच ती."

"बसा," तो म्हणाला.

त्याने निबंध घेतला आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून. एक गिऱ्हाईक आलं, त्याला "दहा मिनिटं" म्हणाला आणि पुढे वाचत राहिला. बावीस पानं. आम्ही दोघी स्टुलावर, गुडघ्यांवर पर्स घेऊन, परीक्षेला बसल्यासारख्या. एका पानावर थांबून त्याने विचारलं, "हे 'प्रतिकाराची विनोदी अभिव्यक्ती' म्हणजे काय?"

ताई अडखळल्या. "म्हणजे... कंपनीला विरोध म्हणून तुम्ही विनोद केलात, असं."

"कुठे?"

"ते पाहुण्यांचं वाक्य."

त्याने कागद मांडीवर ठेवले. "मी विरोधबिरोध काही केला नव्हता. त्या दिवशी सात घरं झाली होती. सातव्या घरी बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, ग्लास विसळून ठेवा. मी विसळला. घरी येऊन ते लिहिलं. दमलो होतो, बस." मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, तुम्ही लिहिलंत तेही चुकीचंच लिहिलंत."

ताईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्या त्यांनी घेतल्या असत्या, त्यासाठी त्या तयारीने आल्या होत्या. याची तयारी नव्हती.

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "लपून नव्हतो मी. एवढं दोन वर्षं वाचलंत, एकदा विचारायचं."

ताई म्हणाल्या, "वाटलं, विचारलं तर तुम्ही मोकळेपणी लिहिणार नाही."

"हां. ते मात्र बरोबर," तो म्हणाला.

ताईंनी पर्समधून एक छोटी डिस्क काढली. त्यात कट्ट्यावरच्या अकरा हजार नोंदी होत्या. "हे तुमचं सगळ्यांचं आहे. काका जाळा म्हणाले, पण तुम्हाला विचारल्याशिवाय जाळायचंही धाडस झालं नाही. तुम्ही ठेवा नाहीतर टाका." मग लॅपटॉप उघडला आणि त्याच्यासमोर स्वतःकडची प्रत पुसली. छापील कागद आदल्या दिवशी फाडून पोत्यात भरले होते. त्या पोत्यावर मीही हात चालवला होता. पुसायला चार मिनिटं लागली. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती आणि आम्ही चौघं बघत होतो. काय पुसलं जातंय हे त्या दुकानात फक्त मला आणि ताईंना कळत होतं. सगळा प्रबंध त्या नोंदींवरच उभा होता.

त्याने डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि खिशात ठेवली.

उठताना बायको पहिल्यांदा बोलली. "तुमची डिग्री झाली का हो?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मग होऊ द्या. कुणाचं तरी काहीतरी होऊ दे."

ती हे रागाने म्हणाली की कंटाळून, यावर आम्ही परतीच्या वाटेवर बसमध्ये बोललो, पण ठरवता आलं नाही.

सर मात्र रागावले. खरोखर रागावले. "पुरावाच नष्ट केलात! आता परीक्षकांना काय दाखवू, तुमचा पश्चात्ताप?" ताईंनी मासिकाला लिहून, नंतर इंटरनेटवर चढलेल्या लेखातून ते वाक्य काढायला लावलं. चार महिने गेले, पण काढलं. सर निवृत्त झाले, निरोपसमारंभाला ताईंना आमंत्रण होतं, त्या गेल्या, मागच्या रांगेत बसल्या. पुढच्या वर्षी कॉलेजात एक कायम जागा निघाली आणि ती पीएचडी झालेल्या एका तरुण मुलीला मिळाली. हुशार मुलगी आहे, ताईंचीच विद्यार्थिनी. ताईंना पूर्वीसारखंच दर वर्षी पत्र येतं.

कंपनीने नंतर केव्हातरी जाहीर केलं की त्या मॉडेलची झडप ती मोफत बदलून देईल. ग्राहकांची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची, वगैरे. हे मी दवाखान्यात पेशंटच्या हातातल्या वर्तमानपत्रात वाचलं. घरी येऊन सांगितलं तर ताई म्हणाल्या, "आज नको." मी पुन्हा विषय काढला नाही.

त्यांनी दुसऱ्या गाईडकडे नाव नोंदवलं आहे. आता त्या कंपन्यांची दिलगिरीची पत्रं अभ्यासतात, जाहीर छापलेली, सहीशिक्क्याची. म्हणतात, "ज्यांना लपायची गरज नाही, त्यांचंच वाचते." काम रेटून होतंय. पहिल्यासारखं नाही, पूर्वी एखादं वाक्य सापडलं की त्या टेबलावरून ओरडून मला हाक मारायच्या. वर्गात सातवा धडा शिकवावाच लागतो, अभ्यासक्रमात आहे. त्या तो शिकवतात, आणि मग फळा पुसून मुलांना विचारतात, या पत्रात कोण कोण नाही ते सांगा. मुलांना वाटतं, परीक्षेत हे येणार. मुलं लिहून घेतात.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत ताईंना एका बाईचा फोन आला. आवाज ओळखीचा वाटेना. "मी दुकानातली," ती म्हणाली. "मुलीला तुमच्या कॉलेजात घालायचंय. फॉर्ममध्ये एक रकाना कळत नाही." ताईंनी पाऊण तास फोनवर एकेक रकाना सांगितला. पक्कडचं कसं चाललंय, डिस्कचं काय झालं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही, आणि तिनेही काही सांगितलं नाही. शेवटी "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

मुलीला हिशेबाच्या शाखेत प्रवेश मिळाला. ताईंच्या वर्गात ती नाही. पण दोन्ही विभागांचा जिना एकच आहे. आठवड्यातून तीनचारदा ती पुस्तकं छातीशी धरून वरून येते आणि ताई खालून जातात. "गुड मॉर्निंग, मॅडम," ती म्हणते, सगळ्याच मुली म्हणतात तशी. वडिलांची नोकरी ज्या लेखापायी गेली तो याच बाईंचा, हे तिला ठाऊक आहे की नाही, ते ताईंना कळलेलं नाही. मी एकदा म्हटलं, विचारून टाका, सोक्षमोक्ष होईल. ताई म्हणाल्या, "आणि तिला माहीत नसलं तर? मग मीच सांगितल्यासारखं होईल." मग जरा वेळाने म्हणाल्या, "आणि माहीत असलं तर?"

तेव्हापासून त्या जिन्याने जातात तेव्हा भिंतीच्या बाजूने जातात.